केशवरावांचा बोल्ट

"तेराचा पाना घाल," सरफराज म्हणाला.

"तेराचाच घातलाय. फिरत नाही."

"मग चौदाचा घाल."

विश्वजितने चौदाचा घातला, जोर लावला आणि बोल्टाचं डोकं वापरलेल्या साबणासारखं गोल झालं. सरफराजचं औरंगपुऱ्यात पडद्यांचं दुकान होतं. यंत्रांचा त्याचा अनुभव पडद्याच्या रॉडपाशी सुरू होऊन तिथेच संपत असे. पण शुक्रवार असल्याने ओळखीचं गॅरेज बंद होतं, आणि खालच्या मजल्यावरचा हा शेजारी मात्र सुरू होता.

भानगड ड्रायव्हरच्या सीटची होती. विश्वजितचे वडील, केशवराव, उंचीने बेताचे. त्यांनी सीट पार पुढे ओढून तिच्या खालच्या सरकत्या पट्टीतून आरपार बोल्ट ठोकून ठेवला होता. विश्वजित सहा फुटांचा. त्या सीटवर बसलं की त्याचे गुडघे स्टेअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे आणि वळणावर हॉर्न आपोआप वाजायचा. त्यामुळे वडील गेल्यापासून गाडी गारखेड्यातल्या पार्किंगमध्ये उभीच होती. आईचंही तेच. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आज सकाळी चहा गाळता गाळता ती आपणहून म्हणाली, "पिशोरला ताईकडं जावं वाटतंय. आपल्याच गाडीनं."

तिचं मन फिरायच्या आत निघायला हवं होतं. मध्ये फक्त एक बोल्ट होता.

केशवरावांनी आवळलेली वस्तू सुटत नसे. त्यांनी झाकण लावलेली लोणच्याची शेवटची बरणी घरात अजून होती. घरचे तिच्याकडे लांबूनच बघून जेवत.

विश्वजितने छिन्नी लावून हातोडा मारला. छिन्नीचं टोक उडून शेजाऱ्यांच्या तुळशीत पडलं. पकड लावली, तर पकडीचाच दात गेला.

"यार, हा बोल्ट नाय," सरफराज म्हणाला. "काका स्वतः बसलेत आत."

"गप. ब्लेड दे."

आई गॅलरीत दोनदा आली. पहिल्यांदा तिच्या हातात पिशवी होती. दुसऱ्यांदा नव्हती.

"राहू दे रे विशू. पुढच्या महिन्यात बघू."

"झालंच, आई," विश्वजित सीटखालून म्हणाला. काहीही झालं नव्हतं.

दोन ब्लेडं मोडली आणि तिसऱ्याने बोल्टाचं डोकं कापलं गेलं. उरलेला तुकडा भोकातच रुतून बसला. विश्वजितने त्यावर स्क्रूड्रायव्हर धरून, दातओठ खात हातोडा घातला. तुकडा खाली पडला आणि सीट धाडकन पार मागे गेली. त्या गाडीत त्याचे पाय पहिल्यांदाच सरळ झाले. सरफराजने टाळी मागितली. आई पिशवी घेऊन खाली आली.

हर्सूलपाशी ब्रेक दाबला आणि सीट पुढे आली. गाडी उचलली, सीट मागे गेली. खालची दांडी ओढून सीट जागेवर बसवावी, तर झिजलेली पट्टी धरेचना.

"आई, पाणी," म्हणत विश्वजित तिच्या शेजारून मागे गेला, आणि "दे," म्हणत पुढे आला.

शेवटी त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर मूठ आपटली. "मला वाटत होतं, बाबा बुटके म्हणून बोल्ट मारला."

"बुटके होतेच," आई म्हणाली. "पण बोल्ट त्याच्यासाठी नव्हता. ही सीट पयल्यापासून अशीच सटकायची. मीच धरून बसायची. पिशोर येईस्तोवर मनगट लई दुखायचं. त्यांना कधी बोलले नाय मी. एक दिवस बघते तर बोल्ट मारलेला."

विश्वजितने वाकून पट्टीतलं बोल्टाचं रिकामं भोक चाचपलं.

"मग आता?"

"आता काय. सीट पुढं घे."

"गुडघे अडकतात गं."

"मागं माझा हात पोचत नाय."

त्याने सीट पुढे घेतली. गुडघे वर आले. आईने न बघता उजवा हात लांब करून सीटचा कोपरा धरला. तिथलं रेक्झीन चार बोटांपुरतं झिजलेलं होतं. विश्वजितला ते आजवर उंदराने खाल्लेलं वाटत होतं.

फुलंब्रीच्या वळणावर गुडघ्याने हॉर्न वाजला. आईने हात काढला नाही.