पेटीला घरचं नेट दिसेना

सहा वाजता हेडफोन खाली ठेवला तेव्हा थोरलीच्या घशाला पार कोरड पडली होती. दिवसभरात त्रेसष्ट जणांना तिने राउटर बंद करून चालू करायला लावला होता. इंटरनेट कंपनीच्या मदत-केंद्रात तिची नऊ वर्षं गेली. समोरचा माणूस दिसत नाही, त्याचं घर दिसत नाही, त्याचे हात तर मुळीच दिसत नाहीत. नुसत्या आवाजाने त्याला टेबलाखाली वाकवायचं, मागची पिवळी वायर शोधायला लावायची, आणि तो खेकसला की "मी समजू शकते" म्हणायचं. समजतंय डोंबल!

घरी आली तर बाबा सकाळी होते तिथेच. खिडकीजवळच्या खुर्चीत, पेटीच्या गोल खुंटीवर हात ठेवून. पेटी म्हणजे स्ट्रीमर. इंटरनेटवरून गाणी आणि कुठकुठली रेडिओ केंद्रं ओढून घेणारं हे यंत्र धाकटीने सासरी जाताना घेऊन दिलं होतं. समोर सहा बटणं. कुठल्या बटणावर काय लागायचं, हे बाबांनी महिनाभर खपून बसवलं होतं, तेही बोटांनी चाचपत. काचबिंदूने त्यांची नजर नेली होती. अगदी काळोख नव्हता, पण दारात कोणीतरी उभं आहे, एवढंच कळायचं. पेपर सुटला, टीव्ही सुटला, उरली ही पेटी. आणि आज चौथा दिवस, पेटी नेटला जोडलीच जात नव्हती.

"जेवलात?"

"हो."

"काही सांगू नका. डबा तसाच आहे."

"मग विचारतेस कशाला?"

रविवारी ती म्हणाली होती, उद्या बघते. सोमवारी म्हणाली, उद्या नक्की. मंगळवारी बुटांसकट पलंगावर आडवी झाली ती थेट सकाळीच उठली. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी कटकट केली असती तर तिलाही दोन शब्द सुनावता आले असते. गप्प बसणाऱ्या माणसाचं काय करायचं? साऱ्या गावाचे राउटर सुधारायचे आणि आपल्या घरात दिव्याखाली अंधार, याची तिची तिलाच लाज वाटत होती. पण लाजेने अंगात ताकद थोडीच येते!

तिने चहा टाकला, तो उभ्यानेच प्यायली, आणि कामाला लागली.

राउटर बंद केला, तीसपर्यंत आकडे मोजले, चालू केला. तिच्या फोनवर नेट धो धो येत होतं. म्हणजे दोष पेटीचा. पेटीच्या इवल्या पडद्यावर तिने यादी उघडली. यादी रिकामी. शेजाऱ्यांची नेटवर्कं नाहीत, घरचंही नाही. नाव हाताने घातलं, पासवर्ड घातला. पेटीने बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, नेटवर्क सापडत नाही. पुन्हा घातला. पुन्हा तेच. राउटरच्या आत शिरून सगळ्या सेटिंग तपासल्या, एक बदलली, परत होती तशी केली. अर्धा तास गेला. तिच्या नाकी नऊ आले.

"आता एकच राहिलं," ती म्हणाली. "मागच्या भोकात टाचणी घालून सगळं पुसते. पेटी कोरी करकरीत होईल, मग पहिल्यापासून जोडू."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

"बटणंसुद्धा?"

"बाबा, बटणं परत बसवता येतात हो." आवाज चढला तो तिलाही ऐकू आला. ऑफिसात नऊ तास गोड बोललं की घरच्यांच्या वाट्याला हा उरलेला गाळ यायचा.

तिने टाचणी भोकाला लावली.

"थांब," बाबा म्हणाले. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि परत आला. "आधी तिला राउटरपाशी घेऊन जा. अगदी चिकटवून ठेव."

तिने निमूट पेटी उचलली आणि पॅसेजमध्ये राउटरला खेटून ठेवली. यादी आली. त्यात एकच नाव होतं, घरचं. पेटी आपली आपण जोडली गेली आणि कुठल्याशा देशातली बाई न कळणाऱ्या भाषेत हवामान सांगू लागली.

थोरली पाहतच राहिली. राउटर कानाला लावला तरच ऐकू येतंय, म्हणजे पेटीचे कानच बंद आहेत. अँटेना. तिला हे आधी का सुचलं नाही? कारण तिच्या कंपनीच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ग्राहकाला यंत्र उघडायला सांगू नये. नऊ वर्षांत तिच्या कल्पनेतलंही एक यंत्र उघडलं गेलं नव्हतं.

आणि बाबांनी उभ्या जन्मात घरातलं एक यंत्र न उघडता सोडलं नव्हतं. पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. दुकान गेलं तरी नेम राहिला होता: महिन्याच्या पहिल्या रविवारी घरातली यंत्रं एकेक करून उघडायची, मऊ ब्रशने धूळ झाडायची, पुन्हा बंद करायची. बिघाड असो वा नसो.

गेला रविवार महिन्यातला पहिला होता.

तिने पेटी उलटी केली. खाली स्क्रूची चार भोकं, स्क्रू तीन.

"चौथा कुठाय?"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून स्क्रू काढून तळहातावर ठेवला. चार दिवस तो तिथेच होता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं. ब्रश फिरवताना अँटेनाची बारीकशी तार निसटली. डाळीच्या दाण्याएवढी टोपी आहे तिला, ती परत बसेना. तास दीड तास खटपट केली."

"मग बोलला का नाहीत? मी इथे डोकं फोडतेय!"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, बाबा, आता पुरे, यापुढे कशाला हात लावायचा नाही."

हेच वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

तिने पेटी टेबलावर आणली, दिवा ओढला. तीन स्क्रू बाबांनीच काढले, सराईतपणे, एकही न सांडता. झाकण उघडलं. तार कोपऱ्यात मोकळी पडली होती. थोरलीने बोट टेकवलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम, की मग अंथरूण. तिला अंथरूणच हवं होतं. तिने बाबांच्या हातांकडे पाहिलं. टेबलाच्या कडेला ते अवघडून बसले होते, परक्या घरी आल्यासारखे.

तिने स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घातले.

"चिमटा घ्या," ती म्हणाली. तो ऑफिसातलाच आवाज होता, घाई नसलेला. "डावीकडे... अजून डावीकडे. हां, तारेला लागला. टोपीच्या मागे धरा, टोपीवर नको. आता उजवीकडे, बोटभर. थोडं खाली. नाही, गेलात पुढे. मागे या."

"दिसत नाही गं."

"मला रोज त्रेसष्ट जणांचं दिसत नाही. मागे या. बस्स, इथे. खाली एक पितळी कडं आहे, लागतंय?"

"लागतंय."

"टोपी त्यावर टेकवा. सरळ. आता अंगठ्याने दाबा."

पहिल्यांदा ती घसरली. दुसऱ्यांदाही. बाबांच्या कपाळावर घाम आला. "तूच कर," ते म्हणाले.

"मी इथे नाहीच आहे. मी फोनवर आहे. पुन्हा मागे या."

पाचव्या वेळी बारीकसा 'टक्' आवाज झाला. तिच्या आधी तो बाबांनी ऐकला. अंगठा तसाच ठेवून ते म्हणाले, "बसली."

झाकण लागलं, चारही स्क्रू लागले. पेटी खिडकीजवळ आपल्या जागी गेली. बाबांनी चाचपून तिसरं बटण दाबलं आणि खोलीभर सनई घुमली. ते रडत होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही. थोरलीनेही लपवलं नाही.

"आणखी काही मदत हवी आहे का?" तिने जिभेला वळण पडलेलं वाक्य विचारलं.

"हवी आहे. पुढच्या महिन्यात टेबलफॅन उघडायचाय. पहिल्या रविवारी घरी असशील?"

"असेन," ती म्हणाली, आणि त्यांचा डबा गरम करायला आत गेली.