पाण्यात बुडणारं तेल

आई आमच्याकडे वारज्याला राहायला आली, तेव्हा रिक्षावाल्याने तिचा पत्र्याचा डबा उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"काकू, शिसं भरलंय का यात?"

"तेल हाये, गुडघ्याचं," आई म्हणाली. "तुमचे गुडघे दुखतील तवा समजंन."

कधीकाळी रंगाचा असलेला पाच लिटरचा डबा. आतलं तेल निम्म्याच्या खाली गेलेलं, तरी दिसायचा त्याच्या दुप्पट जड. मीच तो दोन्ही हातांनी वर नेला आणि मागच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवला. माझी मुक्ता तेव्हा चार महिन्यांची होती, माझी रजा संपत आली होती, आणि तिला सांभाळायला आईशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

तेल बाबांचं होतं. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. ते वर्ध्याहून पुण्याला आले ते धायरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या दुरुस्तीवर. धायरी तेव्हा गाव होतं आणि संध्याकाळी आमच्या खोलीत आधी त्यांचा वास यायचा, मग ते यायचे. गोडसर, जुन्या ट्रंकेत डांबरगोळी ठेवल्यासारखा वास. माझ्या शाळेच्या वह्यांवर त्यांच्या अंगठ्याचे तेलकट ठसे असायचे, कारण त्यांना वही उघडून बघितल्याशिवाय जेवण जायचं नाही. वाचता फार येत नव्हतं. अक्षर सरळ आहे का एवढंच बघायचे.

मी काळजीखोर आहे, हे मला माहीत आहे. मुक्ताचा खुळखुळा मी रंगासाठी नखाने खरवडून बघितला होता. प्लॅस्टिकच्या बाटल्या काढून स्टीलची वाटी-चमचा आणला. पावडरीच्या डब्यामागची बारीक अक्षरं मी आयटीतल्या माझ्या नवऱ्याला, संजयला, मोठ्याने वाचून दाखवायचे. आई म्हणायची, "उत्कर्षे, हवा तेवढी गाळून देत जा पोरीले. तेवढीच राह्यली."

आणि हीच मी, दुपारी दोघी झोपल्या की कधीकधी बाल्कनीत जाऊन त्या डब्याचं झाकण फिरवायचे. एकदा हुंगायचे आणि बंद करायचे. थंडीत आई त्यातलं चार थेंब तळहातावर घेऊन गुडघ्याला चोळायची. मग हात पदराला पुसून मुक्ताला खोबरेल तेलाने मालिश करायची. हे मी रोज बघत होते. बघत होते म्हणजे, मला त्यात आई दिसत होती, मुक्ता दिसत होती आणि बाबांचा वास येत होता. बाकी काही दिसत नव्हतं.

माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे हे किती लाजिरवाणं आहे ते कळेल. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. आहे. एका संस्थेत करारावर होते. दिल्लीला एक राष्ट्रीय आराखडा तयार होत होता. काही विषारी रसायनं अशी असतात की ती कुजत नाहीत, विरत नाहीत, मातीतून माशात, माशातून माणसात जातात आणि साठून राहतात. ती देशातून हळूहळू हटवायची, असा तो आराखडा. हटवायची तर आधी कुठे किती आहेत ते कळायला हवं. म्हणून यादी. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असलं एक तेल भरलेलं असतं, पीसीबी म्हणतात त्याला, आणि पुण्याच्या पश्चिमेकडचे जुने कारखाने माझ्या वाट्याला आले होते. संजय म्हणायचा, "म्हणजे तू विषाची जनगणना करतेस."

फेब्रुवारीत मी सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका जुन्या कारखान्यात गेले. स्टोअरकीपर बापूराव निवृत्तीला आले होते. त्यांनी माझं ओळखपत्र चष्मा वर करून वाचलं.

"सत्तर सालचं यंत्र. सरकारला आत्ता आठवण झाली का?"

"यादी करतोय फक्त."

"करा. यादीत सरकारचा हात कोणी धरू शकत नाही."

आवारात मागे तो परदेशी बनावटीचा ट्रान्सफॉर्मर होता. पाटीवरची धूळ मी ओल्या फडक्याने पुसली. तेलाच्या रकान्यात एक व्यापारी नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं की हा द्रव पेट घेत नाही. अशी पाटी मी तोवर फक्त प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत बघितली होती.

"याचं तेल कधी बदललं होतं?"

"ब्याण्णवला. धायरीच्या शेडमध्ये गेला होता दुरुस्तीला. जुनं तेल तिथेच राहिलं." बापूराव जरा हसले. "राहिलं म्हणजे काय, वाटलं गेलं. निम्म्या धायरीचे गुडघे आमच्या तेलावर चालले, मॅडम. मीही बाटलीभर आणलं होतं. एक होता तिथे, दशरथ म्हणून. बोट बुडवून नुसत्या वासावर तेल ओळखायचा."

मी फॉर्मवर लिहीत होते. पेन थांबलं.

"माझे वडील," मी म्हटलं.

बापूरावांनी चष्मा खाली घेतला आणि पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघितलं. "मग तुम्हाला काय विचारायचं राहिलं?"

ब्याण्णव साली मी सहावीत होते. आमच्या शेजारच्या खोलीत स्टोव्हचा भडका उडून एक बाई गेली होती, आणि त्या दिवसापासून बाबांना रॉकेलचा धसका होता. एके दिवशी हा डबा घेऊन ते आले. मला समोर बसवून त्यांनी बशीत थोडं तेल ओतलं आणि त्यात पेटती काडी टाकली. काडी विझली. "पाह्य पोरी," ते म्हणाले, "हे पेटतच नाही. घरात ठेवाले हेच तेल चांगलं." माझा घोटा मुरगळला होता तेव्हा त्यांनी तेच चोळलं होतं, फुंकर घालत घालत.

बसमध्ये वाटभर मी दिवसांचा हिशेब करत होते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आईचे हात, आणि त्या हातांखाली मुक्ता.

घरी आले तेव्हा आई मुक्ताला मांडीवर घेऊन बसली होती. मी मुक्ताला उचलून आत पाळण्यात ठेवलं, आईचे हात साबणाने दोनदा धुवायला लावले आणि डबा स्वयंपाकघरात आणला.

"काहून गं, काय झालं?"

"थांब, दाखवते."

काचेच्या पेल्यात पाणी घेतलं. आधी खोबरेल तेलाचा थेंब टाकला. तो वर तरंगत राहिला. मग हातमोजा घालून, ड्रॉपरने बाबांच्या तेलातला एक थेंब सोडला. पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच झालं. थेंब क्षणभर पाण्यावर थबकला आणि मण्यासारखा सरळ खाली गेला. तळाशी जाऊन बसला.

आई वाकून बघत होती. "तेल बुडते?"

"साधं तेल नाही बुडत. हे विष आहे, आई."

आतून मुक्ताच्या खुळखुळ्याचा आवाज येत होता.

"मंग तुह्या बापानं इख आणलं घरात, असं म्हनते का तू?"

"त्यांना माहीत नव्हतं."

"त्याईले तेलाचं माहीत नव्हतं?" आईचा आवाज चढला नाही, उतरला. "लोकं मुंबईहून बोलवाले यायचे त्याईले. इंजिनेर लोकं इचारून जायचे, दशरथभाऊ, हे कोनतं, ते कोनतं. अन् तू दोन बुकं शिकून म्हनते माहीत नव्हतं."

"तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं गं. कामगारांना तर नाहीच."

"सतरा वर्षं लावून राह्यली मी. मले काय झालं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी दिलं नाही. बाबा लिव्हरच्या दुखण्याने गेले होते. त्याचा आणि याचा संबंध आहे असं कुणी डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगणार नाही, आणि नाही असंही सांगणार नाही. आईने माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं असावं. ती उठली, आत गेली आणि पुन्हा हात धुतल्याचा आवाज आला.

डब्यातला नमुना मी लॅबला दिला होता, आठ दिवसांनी रिपोर्ट आला. थेंबाने सांगितलं होतं तेच त्यात आकड्यांत होतं. मी तो आमच्या प्रमुख नम्रता मॅडमसमोर ठेवला.

"नमुना कुठला? फॉर्मवर ठिकाण लिहिलेलं नाहीस."

"घरगुती असा रकाना नाही, मॅडम."

"घरात कोण ठेवतं हे?"

"माझ्या घरात आहे. बाल्कनीत."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग फार हळू विचारलं, "बाळ अंगावर पितंय?"

"हो."

"थांबवू नकोस. या कामासाठी डॉक्टरांना हे आधीच विचारलेलं आहे, अंदाजाने सांगत नाही. दूध थांबवून तिचं जास्त नुकसान होईल." मग त्यांनी रिपोर्ट उलटून बघितला. "पण डबा घ्यायला आपल्याला जागा नाही गं. आपण मोजणारे. हे नष्ट करायची खास भट्टी लागते, ती देशात अजून व्हायची आहे. तोवर ज्याच्याकडे आहे त्याने सीलबंद ठेवायचं, असंच आराखड्यात येणार."

"कधीपर्यंत?"

"आराखडा आधी मंजूर तर होऊ दे."

गटारात ओतायचं तर ते नाल्यातून मुठेत जाणार. कचऱ्यात टाकायचं तर कुणाच्या तरी हातात. घरी ठेवायचं तर मुक्ता रांगायला लागली होती. मी बापूरावांना फोन केला.

"आणा," ते म्हणाले. "आमच्या यंत्रातलंच आहे. माहेरी आलं म्हणायचं."

डबा न्यायच्या दिवशी मी तो दोन जाड पिशव्यांत घालत होते. ज्या फडक्याने बाल्कनीची फरशी पुसली ते फडकंही आतच टाकलं. आई दारात उभी होती, मुक्ताला कडेवर घेऊन. आठवडाभर तिने डब्याचं नाव काढलं नव्हतं.

"एकडाव झाकण उघड," ती म्हणाली.

"आई, नको."

"हात नाही लावत. येथूनच."

तिच्या कडेवर मुक्ता होती. मी मान हलवली. आईने पुन्हा सांगितलं नाही, आणि तिने पुन्हा सांगितलं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

कारखान्यात बापूरावांनी स्टोअरच्या मागे कुलपाची खोली तयार ठेवली होती. खाली लोखंडी ट्रे, भिंतीवर धोक्याची पाटी. त्यांचीही एक बाटली तिथे आधीच ठेवली होती, दोऱ्याला चिठ्ठी बांधून. माझ्या तोंडावर फिल्टरचा मास्क होता, हातात मोजे. नियमाप्रमाणे सील करण्याआधी पातळी मोजायची म्हणून झाकण उघडावं लागलं. मी पट्टी बुडवली. नऊ सेंटिमीटर. तेल स्वच्छ होतं, फिकट मधासारखं. इतक्या जवळ होते, आणि मास्कमुळे वास म्हणून काहीच येत नव्हता. मास्क खाली ओढायला एक बोट पुरलं असतं. बोट गालापर्यंत गेलंही. त्या बोटावर मोजा होता आणि मोज्यावर तेल होतं.

मी हात खाली घेतला आणि झाकण लावलं.

"फॉर्म भरा," बापूराव म्हणाले. "ठिकाण आमचंच लिहा. वस्तूत काय, 'इतर' लिहा. सरकारला 'इतर' फार आवडतं. आणि हे बघा, शेवटचा वापर कोणाचा, असाही एक रकाना आहे."

खरं तर तिथे आईचं नाव यायला हवं होतं. मी लिहिलं, कालकथित दशरथ मेश्राम, दुरुस्ती कामगार. अक्षर सरळ आलं. बापूरावांनी वाचलं आणि सहीखाली शिक्का मारला, नेहमीपेक्षा हळू.

घरी आल्या आल्या अंघोळ केली, कपडे वेगळे भिजवले. आई जमिनीवर बसून मुक्ताला खेळवत होती.

"ठेवला?"

"ठेवला. कुलपात."

"वास आला?"

"मास्क होता."

आईने मान डोलावली. मग बराच वेळ मुक्ताच्या पायातला वाळा फिरवत राहिली.

"तू म्हनत होतीस न, हे अंगात गेलं का निघत नाही."

"लवकर नाही निघत. वर्षानुवर्षं राहतं. चरबीत."

तिने लुगड्यावरून गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू चोळला, कोरडाच. "मंग हाये तुहा बाप," ती म्हणाली. "राहू दे."

हे चांगलं नाही, हे मला तिला समजावायचं होतं. देशभर लोक याद्या करतायत त्या हे विष राहू नये म्हणूनच. पण माझ्याही घोट्यावर एकदा बाबांनी फुंकर घातली होती.

मुक्ता कुरकुरायला लागली. मी पुन्हा हात धुतले आणि तिला जवळ घेतलं. ती डोळे मिटून घटाघटा प्यायला लागली. मी तिच्या टाळूवर नाक टेकवलं. खोबरेल तेलाचा वास आला. फक्त खोबरेल. हेच तर मला हवं होतं.

थोड्या वेळाने मी आणखी एकदा हुंगून बघितलं.