शेषरावांचा भोंगा

शंतनु पुण्याहून शांतता घेऊन आला होता. टेम्पोत भरून. तंबू, गाद्या, पितळी वाडगे आणि 'आतला आवाज ऐका' असं छापलेला कापडी फलक. संग्रामपूरच्या उत्तरेला, जिथून सातपुडा निळा दिसू लागतो, तिथे गोविंदानं आपलं पडीक वावर त्याला मौन शिबिरासाठी भाड्यानं दिलं. शिबिरार्थींनी फोन एका पोत्यात जमा करायचे, डोळे मिटायचे आणि निसर्ग ऐकायचा.

निसर्गाची हरकत नव्हती. बांधापलीकडच्या भोंग्याची होती.

"हुर्रर्र! निंघ बे! तुह्या बापाचं वावर हाये काय?"

पलीकडे तानुबाईंची ज्वारी हुरड्यात आली होती. पोपटांचे थवे कणसांवर उतरत, म्हणून बाभळीला बॅटरीवरचा भोंगा टांगलेला. या भागात हल्ली शेतोशेती असे भोंगे आहेत. कुणाच्यात कुत्री भुंकतात, कुणाच्यात वाघ गुरगुरतो. तानुबाईंच्या भोंग्यात त्यांचे यजमान शेषराव ओरडत. मुलीनं, पूनमनं, तो आवाज आपल्या फोनवर घेऊन भोंग्याच्या मेमरी कार्डात घातला होता. पुढे तो फोन विहिरीत पडला, आणि गेल्या वर्षी शेषराव वारले. कार्डातले शेषराव मात्र पाखरांवर डाफरतच राहिले.

रोज संध्याकाळी तानुबाई चहाचा गिलास घेऊन बाभळीखाली बसत. "राखणीले जातो," म्हणत. पूनम तालुक्याला ज्युनियर कॉलेजात विज्ञान शिकवायची. एकच आवाज वारंवार ऐकला की पाखरं त्याला भीत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईला तिनं ते कधी सांगितलं नाही.

शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी शंतनु बांधावर आला. पांढरा सदरा, अनवाणी पाय. काटे बघत बघत.

"मावशी, ह्या आवाजात फार नकारात्मक ऊर्जा आहे."

"नाई जी, बॅटरी हाये."

"आमची माणसं इतक्या लांबून शांततेसाठी आलीयेत."

"काऊन? तिकडची सरली काय?"

शंतनु क्षमाशील हसला. असं हसायला त्यानं कुठेतरी पैसे भरून शिकून घेतलं असावं, असं पूनमला वाटलं.

बाजाराच्या दिवशी मायलेकी गावात गेल्या. परतल्या तेव्हा भोंग्यातून बासरी वाजत होती. मागे झऱ्याचं खळखळणं, पक्ष्यांची किलबिल. ज्वारी पोपटांनी हिरवीगार झाली होती. शंतनु हात जोडून उभा होता.

"आमच्याकडून भेट, मावशी. बघा, पक्षीसुद्धा आले!"

"आधीचं कार्ड कुठंय?" पूनमनं विचारलं.

"तेच आहे हे. जागा कमी पडत होती, म्हणून जुनं सगळं पुसलं."

हातातली पिशवी तशीच घेऊन तानुबाई घराकडे वळल्या.

पूनमनं कार्डावर ठाऊक होते ते सगळे उपाय केले. जुन्यावर नवं लिहिलं गेलं की खालचं उरत नाही. हे ती वर्गात शिकवत असे, आणि नक्कल ठेवा असंही सांगत असे. तानुबाईंनी वावरात जाणं सोडलं. चहा चुलीपाशीच निवायचा.

मग कॉलेजच्या ग्रुपवर एक रील आली. 'मौन शिबिरात शिव्या!' खाली हसून लोळणारे चेहरे. वर ढोल-ताशा, आणि त्याच्या आत कुठेतरी शेषराव. पूनमला आधी संताप आला. मग तिनं ती पुन्हा लावली.

रील टाकणारी इरा तंबूत डोळे मिटून बसली होती. पोत्यात तिनं जुना, बंद पडलेला फोन टाकला होता. चालू फोन मांडीखाली होता. पूनमनं तिला हळूच बाहेर बोलावलं.

"प्लीज ताई, सरांना सांगू नका. मी डिलीट करते."

"करू नका!" पूनमचा आवाज इतका चढला की तंबूतल्या चार जणांनी निसर्ग सोडून इकडे पाहिलं. "मला मूळ व्हिडिओ हवाय. ढोल न घातलेला."

इरानं तो लगेच पाठवला. गुपित राखायला ती अख्खा फोन देऊन टाकायलाही तयार दिसत होती.

संध्याकाळी भोंगा पुन्हा ओरडला.

"हुर्रर्र! निंघ बे! तुह्या बापाचं वावर हाये काय?" आणि पाठोपाठ इराचं खीऽखीऽ.

"माय, थे हासनं नाई निंघत. आवाजातच मिसळलं हाये."

तानुबाई गिलास घेऊन बाभळीखाली टेकल्या. "राहू दे. जित्तेपणी तरी तुह्या बापाले कोन नाई हासे?"

डोक्यावर झुकलेल्या कणसांत पोपट निवांत दाणे फोडत होते. टरफलं तानुबाईंच्या पदरावर पडत होती. अखेर पूनमला राहवलं नाही.

"माय, पाखरं भेत नाईत याले."

"मले काय दिसत नाई?" तानुबाईंनी पदर झटकला. "गप आइक."

बांधापलीकडे पितळी वाडगा वाजला, आणि पुण्याच्या माणसांनी डोळे मिटले.