त्रेचाळीस तुकडे आणि एक हव

मित्रांनो, दिसायला मी एकच फाइल आहे, पण माझे मूळचे तुकडे त्रेचाळीस. रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या कांताबाईंचं मी बोलकं पुस्तक. आवाज त्यांचा, म्हणून माझी जीभही तिखट. राग मानू नका.

कांताबाईंना अक्षर सहीपुरतंच येतं. पण पत्र्याची पेटी घेऊन गोंदियाहून इथं नांदायला आल्या, तेव्हापासूनचं सगळं तोंडपाठ. त्यांच्या घरची रीत अशी, की सांगणारा थांबला की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार नाही, तर गोष्ट नाही. म्हणून रोज दुपारी त्या फोनसमोर बोलायच्या, आणि त्यांचे यजमान दयाराम दारापाशी लसूण सोलत मधूनमधून म्हणायचे, "हव." इकडे होय म्हणजे हव. अशी एकेक तुकड्यानं मी जन्मले. शेवटचा तुकडा झाला आणि महिन्याभरात दयाराम गेले.

मला सांधायचं काम नात अपर्णानं घेतलं. तिच्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडते. त्यात चित्र नाही, बटण नाही, नुसते हुकूम टाइप करायचे. आधी आकड्यांची नावं दिलेल्या तुकड्यांची यादी, मग एका ओळीचा हुकूम, की हे सगळे जोडून एक कर. कांताबाई चष्मा लावून मागे पहाऱ्याला उभ्या. ज्याचं तोंडच दिसत नाही, ते काय गिळतं हे कळावं कसं, असं त्यांचं म्हणणं.

शंका अगदीच खोटी नव्हती. त्या यंत्रानं नावातला पहिला आकडा तेवढा पाहिला आणि एकनंतर दोन न घेता दहा घेतला, मग अकरा. कांताबाईंचं बाळंतपण आधी झालं आणि लग्न मागाहून. पोट्टीनं माझ्या अब्रूचं खोबरं केलं, असं त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं. अपर्णानं एक ते नऊच्या नावांआधी शून्य लावलं आणि मला पुन्हा जोडलं. आता रांग बरोबर लागली. शेजारच्या मीराबाईंना तर मी रेडिओच वाटले. मी फुगले.

कांताबाई मात्र दोन दिवस कान लावून बसल्या, मान हलवत. तिसऱ्या दिवशी त्यांनी नातीला समोर बसवलं.

"यातून काय काढलं तुनं?"

"कुछ नहीं आजी. आवाज़ साफ़ की है, बस खाली जगह हटाई है."

"त्या जागेत तुहे आजोबा बसले होते."

अपर्णाचा चेहरा उतरला. तिनं शांतता कापायचा हुकूम दिला होता. दयाराम लांब बसायचे, बोलणं हळू. यंत्रानं त्यांनाही शांतताच समजून कापलं. त्यांचा आवाज दुसऱ्या कुठंच नव्हता, आणि लॅपटॉपातले मूळ तुकडे तिनं पुसले होते. फोन? तो बदलून नवा आणू म्हटलं, तेव्हा आजीनं हरवला म्हणून सांगितलं होतं.

कांताबाई उठल्या. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी फोन काढला.

"त्या काळ्या खिडकीवर मी काहून भरवसा ठेवू?" एवढंच म्हणाल्या.

फोनमधल्या मूळ तुकड्यांतून मला तिसऱ्यांदा सांधलं, या वेळी काहीही न कापता. आता माझ्यात लसणाची सालं कुरकुरतात, गल्लीतली स्कूटर अडखळते.

मित्रांनो, घरच्यांचे आवाज जपा. मूळचे तुकडे पुसू नका, आणि माणूस गप्प झाला म्हणून ती जागा रिकामी धरू नका.

कांताबाईंचा माझ्यावर अजून पुरता विश्वास नाही. मी पुन्हा काही गिळलं तर नाही ना, म्हणून दुपारी लसूण घेऊन बसतात आणि शेवटपर्यंत तपासतात. शेवटच्या तुकड्यात त्यांचाच आवाज विचारतो, "ऐकून राहिले ना? का झोपले?"

दारापासून उत्तर येतं, "हव."

ते ऐकल्यावरच त्या मला बंद करतात.