पांढऱ्या कपड्यांतली मेंदी

ऐक ना, मधे बोलू नकोस, फक्त ऐक. नगरपालिकेच्या पहिल्यावहिल्या निवडणुकीत मी मतदान केंद्रावर यादी घेऊन बसलो होतो, माहितीये ना तुला? तिथे आई आली तेव्हा रांगेतल्या बायका कुजबुजायलाच लागल्या. बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. नवरा गेला की इद्दत, चार महिने दहा दिवस बाईने पांढऱ्या कपड्यांत घरात बसायचं, आणि ही मत द्यायला! आई म्हणाली, "तुझे बाबा एका मतासाठी जन्मभर थांबले. मी आणखी थांबणार नाही." मीच तिचं बोट धरून शाईत बुडवलं, पार दुसऱ्या पेरापर्यंत. कसला खूश होतो मी!

निकाल लागला. आपला पाववाला मिफ्ताहकाका निवडून आला. तिसऱ्या दिवशी हायवेवर कंटेनर आडवे टाकून बंदुकवाली पोरं बसली. निवडणूक आम्हाला मान्य नाही, एवढंच. गाडी थांबवायची, बोटं बघायची, शाई दिसली की गाडी मागे. दोनदा तर नुसती गाडीच मागे आली, माणूस नाही.

आणि आईचं डायलिसिस शहरात, आठवड्यातून तीनदा. रस्ता तोच. एक खेप बुडाली तर पाय हे एवढे सुजले. शाई काही जाईना. लिंबू, क्लोरीन, रॉकेल, सगळं करून झालं. मग मला सुचलं, मेंदी! दहाही बोटं रंगवली की शाई दिसतेच कुठे? आई म्हणत होती, "वानिस, अरे, मला कशी चालेल?" मी म्हटलं, "गप्प बस, हात दे." माझ्या बोटाला मी पट्टी गुंडाळली आणि निघालो.

चेकपोस्टवर कोण असेल? सनद! आपल्या वर्गातला, माझी गणितं उतरवून काढायचा तो.

"काय रे वानिस, बोटाला काय झालं?"

"गाडीचं काम करताना पाना लागला."

"सकाळपासूनचा हा सतरावा पाना," तो म्हणाला. पोरं हसली. मीपण हसलो, यार.

मग तो मागच्या खिडकीशी वाकला. "खाला रब्हा, हात बघू."

आईने हात पुढे केले. पांढऱ्याशुभ्र बाह्या आणि त्यातून दहा लालभडक बोटं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. इद्दतीतल्या बाईच्या हाताला मेंदी! अरे, त्यापेक्षा शाई परवडली असती.

सनद हसायचा थांबला. "वानिसच्या बाबांच्या मयताला मी खांदा दिलाय. ही मेंदी कोणाच्या लग्नाची, खाला?"

"पोराने लावली," आई म्हणाली. तिला खोटं बोलताच येत नाही.

त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला, अगदी दोस्तासारखा, आणि मला कंटेनरमागे नेलं. "यादी तुझ्याकडे होती ना? सगळे नकोत मला. एका खेपेला एक नाव. खाला आरामात जाईल."

आई गाडीत धापा टाकत होती. मी म्हटलं, मिफ्ताहकाका. तो तर स्वतःच उभा होता ना! त्याचं शाईचं बोट अख्ख्या गावाने फोटोत बघितलंय, त्यात लपवायचं काय? सनदने फोनमध्ये लिहिलं आणि वर आईला म्हणाला, "आमच्यासाठी दुआ करा."

हे सोमवारचं. काल मिफ्ताहकाकाची भट्टी उघडलीच नाही. पिठाची पोती दारात तशीच पडलीत, लोक त्यांना वळसा घालून जातायत. कोणी काही विचारत नाही. आई मात्र विचारत होती, पाव का नाही आणलास?

आज बुधवार. ती बघ, गाडीत बसलीये, पाय पुन्हा सुजलेत. मी अख्खी यादी मनात घोकतोय, मेलेलं कोणी सापडतंय का. नाही सापडत. सगळे जिवंत आहेत. तूपण आहेस त्यात, चौथ्या पानावर.

आता बोल. माझ्या जागी तू काय केलं असतंस?