कढईचा श्वास

आमच्या शुंदे नगरीत 'हेइ' हा शब्द सर्वांच्या जिभेवर असतो. श्वास, वाफ, संताप, जोम, माणसाचा रुबाब. जे जे नेत्रांस दिसत नाही आणि तरीही असते, ते सर्व हेइ. कढईलाही हेइ असतो. भडकत्या ज्वाळेवर तांदळाच्या रुंद शेवया उसळल्या की तो त्यांच्यात शिरतो आणि जेमतेम टेबलापर्यंत जिवंत राहतो. ह्याच अदृश्य वस्तूपाशी माझा विवाह अडला होता.

सुत-यिंग ही लो उस्तादांची एकुलती कन्या. पाय मोडल्याने उस्ताद तिसऱ्या मजल्यावर प्लास्टरसह पडून होते. खाली गल्लीत मांडलेली खानावळीची कढई तिने हाती घेतली होती आणि मी, पाक-हो, ताटल्या वाहत होतो. आम्ही विवाहाची अनुमती मागताच उस्ताद गर्जले, "पोरीच्या कढईचा श्वास जिवंत वर आणून दाखव. मग बघू."

प्रथम प्रयत्नी मी ताटलीवर झाकण ठेविले. वर पोहोचेतो वाफेचे पाणी होऊन शेवया चिंब झाल्या.

"गाढवा, नाक दाबून आणलंस होय रे त्याला?" उस्ताद म्हणाले. "मढं आहे हे! ने खाली!"

दुसऱ्या खेपेस मी झाकणाविना असा धावलो, की जिन्याच्या वळणावर अर्ध्या शेवया शेजारच्या फोंग मावशींच्या केशसंभारात विसावल्या.

"आता मलाच वर ने मेल्या," त्या किंचाळल्या, "हेइ माझ्या डोक्यात अडकलाय!"

सुत-यिंग हसता हसता खालीच बसली. "श्वास काही जिना चढायचा नाही," डोळे पुसत ती म्हणाली. "बाबाच उतरले तर... पण गल्लीदेखत कुणाच्या पाठीवरून? छे! त्यांची इभ्रत आडवी येईल."

मी तडक वर गेलो आणि उस्तादांकडे पाठ करून उकिडवा बसलो. "बसा, बाबा."

"मी काय नवरी आहे?" ते कडाडले, कारण आमच्याकडे नवरीलाच पाठीवर घेऊन घराबाहेर आणतात.

"नवरी इतकी जड नसते, बाबा."

इतक्यात खालून कढईवर झाऱ्याचा खणखणाट झाला. उस्तादांच्या नाकपुड्या थरथरल्या, आणि क्षणार्धात त्यांचे बाहू माझ्या गळ्यात पडले.

मी एकेक पायरी उतरू लागलो. त्यांचा प्लास्टरचा पाय तोफेसारखा पुढे रोखलेला होता. दारात फोंग मावशींनी, नवरीवर धरतात तशी लाल छत्री उघडली. "नवरी निघाली हो!" कोणीतरी फटाक्यांची माळ पेटविली. आता उस्तादांची इभ्रत गेली, ह्या विचाराने मी भयभीत झालो. तोच माझ्या पाठीवर उस्तादांचे पोट गदगदू लागले. ते हसत होते! मग मलाही हसू आवरेना, आणि आम्ही दोघे वादळातल्या नावेसारखे हेलकावत कढईपाशी लागलो.

सुत-यिंगने शेवया उडविल्या, ज्वाळा उसळली. उतरण्याचीही सवड न घेता उस्तादांनी पाठीवरूनच काड्यांनी घास घेतला.

"आहे," ते पुटपुटले. "हेइ आहे."

मी त्यांना उतरवू लागलो, तर त्यांनी माझा कान धरला. "थांब रे, आणखी एक ताटली. आणि पोरी, ह्यालाही भरव काहीतरी. लग्नात तुला वाहायचंय त्याला."