पाण्याच्या कडेच्या पाट्या

लहान लहान किनाऱ्यांचे ड्रोनने नकाशे करायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा आपल्या गावचा किनारा तिने मुद्दाम शेवटी ठेवला. धास्तीच होती तशी. रुंदी पुरेशी भरली तर सरकारी कार्यालय तिथे नवी वाळू घालणार होतं. नाही भरली तर दगडी भिंत, म्हणजे किनारा कायमचा संपला.

मदतीला बाबा आले. त्यांनी जन्मभर याच वाळूवर खुर्च्या भाड्याने दिल्या. सुट्टीत बापलेक मिळून खुर्च्या मांडायचे आणि भरती चढू लागली की गिऱ्हाइकांसकट मागे ओढायचे. फार सुखाचे दिवस होते ते.

तिने पाण्याच्या कडेपर्यंत काळ्या-पांढऱ्या पाट्या मांडल्या, एकेकीची जागा यंत्राने टिपली. वरून काढलेले फोटो या पाट्यांच्याच आधाराने नकाशावर बसवायचे असतात. मग ड्रोन उडवून ती पडद्यात डोकं खुपसून बसली.

घरी नकाशा उघडला आणि ती बघतच राहिली. किनारा अगदी लहानपणीसारखा ऐसपैस. तिला भरूनच आलं. मग दिसलं, वाळूवरची गोल टाकीसुद्धा काकडीसारखी लांबली होती.

"बाबा, पाट्या हलवल्यात?"

"मग काय करू? पाणी आलं होतं. घेतल्या जरा वर," बाबा जेवता जेवता म्हणाले. "तुझं कुठे लक्ष होतं?"

तिला हसू आलं. पाट्या वर सरकल्या, नोंद मात्र खालच्याच जागांची, म्हणून नकाशात किनारा ताणला गेला, हे तिने समजावून सांगितलं. "हाच पाठवला तर वाळू मिळेल, बाबा. टाकीकडे कोण बघतंय?"

बाबांचा हात ताटातच थांबला. मोह त्यांनाही झाला असणार.

"नको," ते म्हणाले. "उद्या पुन्हा मांड."

दुसऱ्या दिवशी पाणी पाट्यांना चाटू लागलं, तेव्हा बाबा हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले. पायजमा भिजला, पण ते वाकले नाहीत.

नकाशा खरा आला. रुंदी भरली नव्हती. तिने बाबांना पाण्याची रेषा दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि रेषेच्या पलीकडे, निळ्यावर बोट टेकवलं.

"इथे तुझी आई बसायची," ते म्हणाले. "तिला पहिलीच रांग लागायची."

त्यांनी बोट उचलेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने नकाशा पाठवून दिला.